लाल पाकीट घेणारा काका

चांद्र नववर्षाचे पहिले काही दिवस हाँगकाँगमधल्या घरांत नातेवाइकांची ये-जा चालू असते. टीपॉयवर संत्री रचलेली असतात. शेजारच्या खणाखणांच्या गोल डब्यात पाकवलेली कमळबीजं, खोबऱ्याचे गोड काप आणि कलिंगडाच्या भाजलेल्या बिया असतात. आलेला पाहुणा आधी शुभेच्छा देतो, मग खिशातून किंवा पर्समधून लाल पाकिटं निघतात. कँटनी बोलीत त्यांना ‘लाय सी’ म्हणतात, उत्तरेकडे ‘होंगबाओ’. आत कोऱ्या करकरीत नोटा असतात. त्या मिळाव्यात म्हणून सणाआधी लोकांनी बँकांपुढे रांगा लावलेल्या असतात.

ही पाकिटं कुणी कुणाला द्यायची, याचा कँटनी लोकांत ठरलेला रिवाज आहे. लग्न झालेल्यांनी द्यायची, न झालेल्यांनी घ्यायची. वय, पगार आणि हुद्दा यांना इथे फारसं महत्त्व नाही. म्हणून एखाद्या घरात असं दृश्य दिसतं: ४८ वर्षांचा माणूस, चांगल्या नोकरीत असलेला, आईवडिलांचं सगळं करणारा. त्याच्यापुढे सत्तरीतली काकू पाकीट धरते. तो ते रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी घेतो आणि देणाऱ्यासमोर उघडायचं नसतं म्हणून तसंच खिशात ठेवतो. पुढच्या वर्षी तरी सून आण, असा आशीर्वाद पाकिटाबरोबर येतोच. त्याच खोलीत त्याच्याहून २० वर्षांनी लहान असलेला चुलतभाऊ पहिल्यांदाच पाकिटं वाटत असतो, कारण गेल्या वर्षी त्याचं लग्न झालं.

काकूच्या मनात अपमान करायचा हेतू नसतो, असते ती मायाच. पण त्या पाकिटातून एक निरोप पोचतो: तू अजून लहान आहेस. चिनी भाषेत लग्न करण्याला ‘छंग ज्या’ असाही शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘घर होणं’. ज्याचं घर झालं नाही तो मोठा झाला नाही. मग समजून-उमजून, स्वतःच्या मर्जीने अविवाहित राहणाऱ्या पुरुषाला या कुटुंबव्यवस्थेत कुठे बसवायचं? या प्रकरणात या प्रश्नाचा माग काढायचा आहे.

पूर्वजांची पंगत

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात होऊन गेलेला तत्त्वज्ञ मेन्शियस याचं एक विधान चिनी घरांत आजही ऐकवलं जातं. मातापित्यांशी कृतघ्नपणे वागण्याचे तीन प्रकार आहेत आणि त्यांत वंश न ठेवणं सर्वांत वाईट, असा त्याचा आशय. मेन्शियसने हे म्हटलं ते शून या पुराणकालीन राजाच्या संदर्भात. शूनने आईवडिलांना न विचारताच लग्न केलं, कारण विचारलं असतं तर त्यांनी परवानगी दिली नसती आणि वंश खुंटला असता. म्हणजे वंशासाठी आईवडिलांची आज्ञाही बाजूला ठेवता येते. पुढे हान काळातल्या चाओ छी या टीकाकाराने ते तीन दोष नावानिशी सांगितले. तिसरा दोष असा: लग्न न करून, मुलगा न होऊ देऊन पूर्वजांचे विधी खंडित करणं.

‘विधी’ हा शब्द इथे कळीचा आहे. चिनी श्रद्धेनुसार मेलेल्या माणसाचं पोट जिवंत माणसं भरतात. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगच्या दिवशी कुटुंबं थडगी झाडतात, अन्न ठेवतात, कागदी नोटा जाळतात. घरातल्या देव्हाऱ्यात पूर्वजांच्या नावांच्या लाकडी पाट्या असतात आणि त्यांच्यापुढे उदबत्ती लागते. हे सगळं मुलग्याने करायचं, मग त्याच्या मुलग्याने. ज्याच्यामागे कुणी नाही, तो उपाशी फिरणारा आत्मा होतो. चांद्र वर्षाच्या सातव्या महिन्यातल्या पौर्णिमेला अशा बेवारस आत्म्यांसाठी लोक अन्न बाहेर ठेवतात. आपला मुलगा एकटा राहणार म्हटल्यावर जुन्या पिढीतल्या आईच्या डोळ्यांपुढे त्याचं एकटेपण तर येतंच. पण त्याबरोबर स्वतःचं, नवऱ्याचं, सासू-सासऱ्यांचं आणि त्यांच्याही मागच्यांचं ताट रिकामं दिसू लागतं. पितृपक्षात पान वाढणाऱ्या मराठी घराला ही भीती समजायला जड जाऊ नये.

या साखळीचा लेखी पुरावा म्हणजे ‘ज्यापू’, म्हणजे घराण्याची वंशावळ. अनेक घराण्यांत प्रत्येक पिढीसाठी एक अक्षर आधीच ठरलेलं असतं. त्या पिढीतल्या सगळ्या भावांच्या आणि चुलतभावांच्या नावात ते येतं, त्यामुळे नाव ऐकताच कोण कितव्या पिढीचा ते कळतं. कन्फ्यूशियसच्या घराण्याची २००९ साली अद्ययावत झालेली वंशावळ २० लाखांहून अधिक नावांची आहे, आणि स्त्रियांची नावं त्या वंशावळीत प्रथमच आली. अशा पोथीत निपुत्रिक माणसाच्या नावाखाली ‘वारस नाही’ अशा अर्थाची अक्षरं येत आणि रेघ तिथेच थांबे. वरून खाली उतरत आलेल्या शेकडो रेघांमध्ये थांबलेली रेघ लगेच डोळ्यांत भरते.

न मिटणारे डोळे

एकट्या पुरुषासाठी चिनी भाषेत जुना शब्द आहे ‘ग्वान’. बायको नसलेला वयस्क पुरुष, असा त्याचा अर्थ. राज्यकर्त्याने ज्यांची सर्वांत आधी काळजी घ्यावी अशा चार निराधारांच्या यादीत मेन्शियसने त्याला विधवा, अनाथ आणि निपुत्रिक वृद्धांच्या बरोबरीने बसवलं आहे. या अक्षराच्या डाव्या बाजूला ‘मासा’ हे चिन्ह आहे. माशाचा इथे काय संबंध? ‘शिमिंग’ या प्राचीन शब्दकोशाने याचं स्पष्टीकरण दिलं आहे: एकट्या माणसाला दुःखाने झोप लागत नाही, त्याचे डोळे रात्रभर उघडे राहतात, आणि मासाही कधी डोळे मिटत नाही.

या अक्षरात कळवळा आहे. दुसऱ्या एका शब्दात मात्र भीती आहे. ‘ग्वांगगुन’ म्हणजे नुसती काठी, जिला ना फांदी ना पान. आज हा शब्द कुठल्याही ब्रह्मचाऱ्याला लावतात, कधी चेष्टेने, कधी कीव करत. पण छिंग राजवटीत ‘ग्वांगगुन’ म्हणजे गुंड, घरदार नसलेला उपद्रवी माणूस, असा अर्थ होता. त्या नावाचं कलमच कायद्यात होतं आणि त्यात देहदंडापर्यंत शिक्षा होती. ज्याला बायको नाही, पोर नाही, जमीन नाही, त्याला गमावण्यासारखं काही नाही, म्हणून तो धोकादायक. राज्य एकट्या पुरुषाकडे अशा नजरेने पाहत होतं.

ही नजर कुठून आली ते आकड्यांवरून कळतं. जेम्स ली आणि वांग फेंग या अभ्यासकांनी जुन्या चीनच्या लोकसंख्येच्या नोंदी तपासल्या. स्त्रियांची लग्नं जवळपास सगळ्यांची आणि लवकर होत. पुरुषांचं तसं नव्हतं. मुलींना जन्मतःच मारण्याच्या प्रथेमुळे स्त्रिया कमी, त्यात श्रीमंत घरांत एकाहून अधिक बायका. राहिलेला गरीब मुलगा बिनलग्नाचाच राही. म्हणजे ज्या समाजाने लग्न हे पुरुषाचं पहिलं कर्तव्य ठरवलं, त्याच समाजाने लाखो पुरुषांना ते कर्तव्य करण्याची संधी नाकारली. लेखक लू शून यांच्या ‘आ क्यू’च्या गाजलेल्या कथेत एक भिक्खुणी त्या कफल्लक नायकाला निर्वंश होण्याचा शाप देते. तो शाप त्याला असा झोंबतो की बायको मिळवण्याच्या खटाटोपात तो हातचं कामही घालवून बसतो.

शतकानुशतकं अविवाहित म्हणजे ज्याला जमलं नाही तो, हे समीकरण पक्कं होत गेलं. त्यामुळे आजही एखादा मुलगा ‘मला लग्न करायचं नाही’ म्हणाला, तर घरच्यांच्या कानांवर वेगळंच काहीतरी पडतं. मुलगी मिळत नसेल, पगार कमी असेल, तब्येतीत काही दोष असेल, अशी कारणं ते शोधू लागतात. नकार हा नकार असू शकतो, हे ऐकायलाच कुणी तयार नसतं.

भारतातून आलेली वाट

लग्न न करणाऱ्या पुरुषाला चीनमध्ये मान मिळण्याची पहिली मोठी सोय भारतातून गेली. बौद्ध भिक्खू आले आणि त्यांच्याबरोबर आजन्म ब्रह्मचर्याची कल्पना आली. भिक्खू होण्याला चिनी शब्द आहे ‘छू ज्या’, म्हणजे घर सोडणं. लग्न म्हणजे ‘घर होणं’, दीक्षा म्हणजे ‘घर सोडणं’. दोन्ही शब्दांत तेच ‘ज्या’ आहे.

कन्फ्यूशियन पंडितांनी यावर कडाडून टीका केली. शरीर आणि केस आईवडिलांनी दिलेले, ते जपायचे, आणि हे लोक डोकं भादरतात. वंश चालवायचा, तर हे लोक बायकोच करत नाहीत. बौद्धांनी हा आरोप झटकून टाकला नाही. भिक्खू घर सोडतो, पण त्याचं पुण्य सात पिढ्यांच्या पूर्वजांना मिळतं, असं उत्तर त्यांनी दिलं. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन चिनी लोककथेत ‘मूल्येन’ झाला. उपाशी प्रेतयोनीत अडकलेल्या आईला सोडवण्यासाठी तो नरकात उतरतो. ही कथा नाटकांतून आणि कीर्तनासारख्या कथनांतून खेडोपाडी पोचली. सातव्या महिन्यातल्या त्याच पौर्णिमेच्या सणाशी ती जोडली गेली. अविवाहित मुलगाच आईचा खरा तारणहार ठरला.

हा समेट कायमचा मात्र नव्हता. थांग सम्राट वूत्सोंगने ८४५ साली मठांवर घाला घातला, तेव्हा ४,६०० मठ मोडले आणि २ लाख ६० हजारांवर भिक्खू-भिक्खुणींना पुन्हा संसारी जगात लोटलं. मठांच्या जमिनींवर कर मिळत नाही आणि ही माणसं कुटुंब सोडून बसतात, हे दोन्ही राग त्यामागे होते. तरी वाट बुजली नाही. ज्याला लग्न नको त्याच्याजवळ सांगण्यासारखं कारण होतं आणि जायला जागा होती. पण त्यासाठी त्याला घर सोडावं लागे. घरातच राहून, नातेवाइकांत वावरून अविवाहित राहणाऱ्याची सोय अजून झालेली नव्हती.

गूशानचा लिन बू

हांगचौच्या पश्चिम सरोवरात ‘गूशान’ नावाचं छोटं बेट आहे. गूशान म्हणजे एकटा डोंगर. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे लिन बू नावाचा कवी झोपडी बांधून राहिला. २० वर्षं त्याने शहरात पाऊल टाकलं नाही, असं ‘सोंग’ राजवंशाच्या इतिहासात लिहिलं आहे. शहर होतं सरोवराच्या पलीकडच्या काठावर, समोर दिसेल इतकं जवळ. त्याने लग्न केलं नाही, सरकारी नोकरी धरली नाही. कडाक्याच्या थंडीत फुलणारी प्लमच्या जातीची झाडं लावली आणि क्रौंच पक्षी पाळले. लोक म्हणू लागले, प्लम ही याची बायको आणि क्रौंच ही मुलं. हा चार अक्षरांचा वाक्प्रचार हजार वर्षांनंतरही चिनी भाषेत वापरात आहे.

शेन क्वो या शास्त्रज्ञ-लेखकाने त्याची एक हकीकत नोंदवली आहे. लिन बू बहुधा होडीतून आसपासच्या मठांत फिरायला गेलेला असे. मागे पाहुणा आला की घरचा पोऱ्या दार उघडून त्याला बसवी आणि पिंजऱ्यातला क्रौंच सोडून देई. आकाशात घिरट्या घालणारा पक्षी दिसला की लिन बू होडी वळवी. एकटा राहणारा हा माणूस माणूसघाणा नव्हता. पाहुणा आल्याचं कळावं म्हणून त्याच्याकडे चक्क आकाशातला निरोप्या होता.

१०२८ साली तो वारला, तेव्हा सम्राटाने त्याला ‘हचिंग’ ही मरणोत्तर पदवी दिली. वंश न ठेवणाऱ्या माणसाला कन्फ्यूशियन राज्याने गौरवलं. हे कसं जमलं? याचं थोडं उत्तर त्याच इतिहासात आहे. लिन बूने आपल्या थोरल्या भावाच्या मुलाला शिकवलं आणि तो पुतण्या राजदरबाराच्या परीक्षेत वरच्या श्रेणीत उत्तीर्ण झाला. क्रौंच आणि प्लमच्या गोष्टीपुढे ही ओळ कुणाला आठवत नाही. मला मात्र ती महत्त्वाची वाटते. लिन बूने स्वतःची रेघ थांबवली आणि भावाच्या रेघेला हात दिला.

पुतण्या हा जुन्या चीनमध्ये मोठा आधार होता. निपुत्रिक माणसाला भावाचा मुलगा दत्तक देण्याची रीत सर्वत्र होती. घराण्यात एकच मुलगा असेल, तर तो बापाचा आणि काकाचा असा दोघांचा वारस होऊन दोघांच्या पाट्यांपुढे उदबत्ती लावी. त्यामुळे अविवाहित काकाही उपाशी राहत नसे. ‘वंश चालला पाहिजे’ हा दंडक कठोर होता. पण वंश कुणाच्या पोटातून चालावा, याबाबत व्यवहाराने थोडी सैल गाठ ठेवली होती.

थांबलेली रेघ समाजाला किती सलते, याचाही दाखला लिन बूच्याच बाबतीत सापडतो. त्याच्यानंतर सुमारे दोन शतकांनी लिन होंग नावाचा लेखक झाला. डोंगरातल्या साध्या, सात्त्विक जेवणावरच्या त्याच्या पुस्तकामुळे तो आजही ओळखला जातो. आपण लिन बूचे सातवे वंशज असल्याचा दावा त्याने केला. ज्याने लग्नच केलं नाही त्याच्या सात पिढ्या आल्या कुठून, म्हणून समकालीनांनी कविता रचून त्याची टिंगल केली. दावा खरा होता की नाही, हा वाद अभ्यासकांत अजून चालतो. दाव्यामागची ओढ मात्र समजण्यासारखी आहे. एवढ्या मोठ्या माणसाला पोटचं कुणी नसावं, हे मनाला पटतच नव्हतं.

चिन बाबा

विसाव्या शतकातलं नाव म्हणजे चिन यूएलिन. १८९५ साली छांगशात जन्मलेला हा तर्कशास्त्रज्ञ अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकला आणि परत येऊन त्याने छिंगह्वा विद्यापीठात तत्त्वज्ञान विभाग उभा केला. आधुनिक तर्कशास्त्र चीनमध्ये रुजवणाऱ्यांत त्याचं नाव अग्रभागी येतं. त्याने कधी लग्न केलं नाही.

जपानविरुद्धच्या युद्धकाळात विद्यापीठं कुनमिंगला हलवली गेली. तिथल्या चिनचं चित्र त्याचा विद्यार्थी वांग त्संगछी याने एका लेखात रेखाटलं आहे. चिनने एक मोठा कोंबडा पाळला होता. तो मान लांब करून टेबलावरचं खाई आणि चिन त्याच्याबरोबर शांतपणे जेवत असे. बाजारात मोठमोठी पेअर आणि डाळिंबं शोधणं हा त्याचा दुसरा छंद. ती आणून तो सहकाऱ्यांच्या मुलांशी पैज लावी: कुणाचं फळ मोठं? हरला की आपलं फळ मुलाला देऊन टाकी आणि पुन्हा बाजारात जाई.

वास्तुविशारद लियांग स्सछंग आणि लिन ह्वेयिन हे जोडपं त्याचे जिवलग मित्र. पेकिंगमध्ये तो त्यांच्या घरामागच्या वाड्यात राही. ह्वेयिनवरच्या प्रेमापोटी तो आजन्म अविवाहित राहिला, अशी कथा चीनमध्ये घराघरांत माहीत आहे. लोकांना ही कथा इतकी का आवडते? अविवाहित राहण्याला तिच्यामुळे एक स्वीकारता येईल असं कारण मिळतं. नुसतं ‘मला असंच जगायचं होतं’ एवढ्याने समाजाचं समाधान होत नाही. प्रेमभंग मात्र त्याला समजतो.

मला या कथेचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. ह्वेयिन १९५५ साली गेली, स्सछंग १९७२ साली. त्यांचा मुलगा लियांग त्सुंगचिये चिनला लहानपणापासून ‘चिन बाबा’ म्हणत आला होता. चिनच्या म्हातारपणी त्सुंगचियेचं कुटुंब त्याच्याबरोबर राहिलं आणि १९८४ साली तो वारला, तोपर्यंत त्यांनी त्याला सांभाळलं. याच त्सुंगचियेने पुढे १९९४ साली ‘फ्रेंड्स ऑफ नेचर’ ही चीनमधल्या आद्य बिगरसरकारी पर्यावरण संस्थांपैकी एक संस्था स्थापन केली. रक्ताचं नातं नसताना मुलाने बाप म्हणावं आणि बापासारखं करावं, यासाठी आधीची काही दशकं कुणीतरी बापासारखं वागलेलं असावं लागतं. चिन तसा वागला होता.

एकुलत्या एकाचा नकार

लिन बूला भाऊ होता. आजच्या चिनी तरुणाला बहुधा भाऊच नसतो. १९८० पासून २०१५ अखेरपर्यंत एकच मूल होऊ देण्याचं धोरण राबवलं गेलं, शहरांत जास्त कडकपणे. त्यातून जी पिढी वाढली तिच्यात पुतणे जवळपास संपलेच. काका-पुतण्याचा जुना आधार असा धोरणाने काढून घेतला. चार आजी-आजोबा, दोन आईवडील आणि खाली एकच मुलगा. तो ‘नको’ म्हणाला की घराण्याचीच रेघ थांबते. म्हणून ‘छ्वेहुन’, म्हणजे लग्नासाठीचा तगादा, आज पूर्वीपेक्षा तीव्र वाटतो. सगळ्यांचा भार एकाच फांदीवर आहे.

त्याच धोरणाचा दुसरा परिणाम उलट दिशेचा. मुलगाच हवा म्हणून मुलींचे गर्भ पाडले गेले. २०२०च्या जनगणनेत पुरुष स्त्रियांपेक्षा ३ कोटी ४९ लाखांनी जास्त भरले. खेड्यातल्या गरीब तरुणाला मुलगी मिळत नाही, मिळाली तर वधूमूल्य, म्हणजे ‘त्साइली’, परवडत नाही. या रकमांवरून इतके तंटे कोर्टात गेले की सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी खास नियम करावे लागले. ते १ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाले. त्यामुळे आजच्या चीनमध्ये दोन प्रकारचे अविवाहित पुरुष शेजारी शेजारी उभे आहेत. एकाला लग्न हवंय आणि जमत नाही. दुसऱ्याला जमण्यासारखं आहे आणि नकोय. दोघांना लोक एकाच नावाने हाक मारतात.

शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये शनिवार-रविवारी जाऊन पाहावं. पायवाटेच्या दोन्ही कडांना उघड्या छत्र्या मांडलेल्या असतात आणि त्यांवर कागद टाचलेले असतात. त्यावर जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, फ्लॅट स्वतःचा आहे का, शांघायची अधिकृत रहिवासी नोंद आहे का, एवढं सगळं लिहिलेलं असतं. छत्रीमागे घडीच्या स्टुलावर आई किंवा वडील बसलेले असतात. ज्याच्यासाठी हे चाललं आहे तो मुलगा सहसा तिथे नसतो. पुष्कळदा त्याला आपला कागद तिथे लागला आहे हेही माहीत नसतं. या आईवडिलांना हसणं सोपं आहे. पण त्यांच्या पिढीने टंचाई आणि राजकीय उलथापालथ पाहिली. अडीअडचणीला सरकार नव्हे, घरचं माणूस धावून आलं, हा त्यांचा अनुभव आहे. आपल्यामागे मुलाला घरचं म्हणावं असं कुणीच नसेल, या विचाराने ते दर आठवड्याला छत्री उघडतात.

मुलगे मात्र हळूहळू वेगळं बोलू लागले आहेत. ‘बूहुन’, म्हणजे लग्न न करणं, हा शब्द आता एक विचार म्हणून रुळला आहे. ‘ग्वांगगुन’ या शिवीचाही तरुणांनी सण केला. ११ नोव्हेंबरच्या तारखेत एकाचे चार आकडे, जणू चार काठ्या ओळीने उभ्या. १९९० च्या दशकात नानचिंग विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या मुलांनी हा दिवस सुरू केला असं सांगतात. २००९ साली अलीबाबा कंपनीने तो खरेदीचा महोत्सव केला.

आकडेही तेच सांगतात. २०१३ साली चीनमध्ये १ कोटी ३४ लाखांहून जास्त विवाहांची नोंदणी झाली होती. २०२४ साली ती ६१ लाखांवर आली, म्हणजे निम्म्याहून कमी. तरुणांची संख्याच घटली आहे, हे यामागचं एक कारण. घरांच्या किमती, कामाचे लांबलेले तास आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च ही दुसरी. याशिवाय एक खोल कारण आहे, ते २०२२ साली शांघायच्या टाळेबंदीत दिसलं. विलगीकरणात जायला नकार देणाऱ्या एका तरुणाला अधिकाऱ्याने धमकावलं की याचा परिणाम तुमच्या तीन पिढ्यांवर होईल. आमची ही शेवटचीच पिढी, अशा अर्थाचं शांत उत्तर त्या तरुणाने दिलं. चित्रफीत देशभर पसरली आणि मग काढून टाकली गेली. ज्या संस्कृतीत निर्वंश होणं हा शाप, तिथे एका मुलाने तो स्वतःहून उचलला आणि ढालीसारखा पुढे धरला.

पडद्यामागचं लग्न

अविवाहित राहू इच्छिणाऱ्या काही पुरुषांची गोष्ट याहून अवघड असते, कारण त्यांना स्त्रीशी लग्न करायचं नसतं. १९९७ साली चीनच्या दंडविधानातून ‘गुंडगिरी’चं कलम गेलं. त्याखाली समलिंगी पुरुषांना पकडलं जाई. २००१ साली मानसिक आजारांच्या यादीतूनही समलैंगिकता वगळली गेली. कायदा बदलला, तरी नववर्षाच्या जेवणाचं टेबल बदललं नाही. त्यातून ‘शिंगहुन’ निघालं. समलिंगी पुरुष आणि समलिंगी स्त्री एकमेकांशी नावापुरतं लग्न करतात, सणाला दोन्हीकडे जोडीने जातात आणि बाकी वर्ष आपापलं जगतात. काही पुरुष काहीच न सांगता एखाद्या मुलीशी लग्न करतात. अशा बायकांसाठी ‘थोंगछी’ हा वेगळा शब्दच तयार झाला आहे. आईवडिलांचं मन राखण्याची किंमत इथे एक तिसरी, निरपराध बाई आयुष्यभर मोजते. एकटा राहण्याचा प्रामाणिक नकार या खोट्या होकारापेक्षा किती तरी माणुसकीचा आहे.

दिग्दर्शक आंग ली यांचा १९९३ सालचा ‘द वेडिंग बँक्वेट’ हा चित्रपट याच पेचावर आहे. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकी जोडीदार सायमनबरोबर राहणारा तैवानी मुलगा आईवडिलांसाठी खोटं लग्न करतो. शेवटाकडे वडील सायमनला एकट्याला गाठतात आणि त्याच्या हातात लाल पाकीट ठेवतात. त्यांना सगळं कळलेलं असतं. ते घरातल्या कुणाला सांगत नाहीत. सुनेला मान म्हणून द्यायचं पाकीट ते सायमनला देतात. ज्या रिवाजाने माणूस वगळला जातो, त्याच रिवाजाने त्याला आत घेता येतं.

शेवटची सही

एकट्या पुरुषाला सगळे जण विचारतात तो प्रश्न म्हातारपणाचा. कम्युनिस्ट चीनने त्याचं एक उत्तर १९५० च्या दशकातच दिलं. ज्याला मूल नाही, नातं नाही, अशा खेड्यातल्या वृद्धाला ‘वूबाओहू’, म्हणजे पाच हमींचं घर, ठरवलं जाई. पुढे रुळलेल्या यादीप्रमाणे अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी आणि अंत्यसंस्कार या पाच गोष्टी गावाने बघायच्या. पाचवी हमी वाचताना मी थांबतो. देवधर्माला थारा न देणाऱ्या राज्यानेही पुरण्याची काळजी यादीत ठेवली, कारण म्हाताऱ्याला झोप न लागण्याचं कारण त्याला ठाऊक होतं.

शहरातल्या माणसाची अडचण वेगळी. पैसा आहे, घर आहे. ऑपरेशनच्या कागदावर नातेवाइकाची सही कोण करणार? यासाठी कायद्याने नवी वाट काढली. स्वतःचा पालक आधीच लेखी ठरवून ठेवण्याची सोय २०१३ साली वृद्धांसाठी झाली आणि २०१७ साली सर्व सज्ञान व्यक्तींना मिळाली. २०२१ पासून लागू झालेल्या नागरी संहितेतही ती आहे. माणूस शुद्धीत असताना मित्राला, शेजाऱ्याला किंवा भाचीला नेमू शकतो: मला कळेनासं झालं की माझ्या वतीने तू ठरव. चिन यूएलिनला जे प्रेमाच्या बळावर मिळालं, ते आता कागदावर मागता येतं. कागदाने प्रेम येत नाही, हे खरं. पण प्रेम असेल तर ते दवाखान्याच्या दारात अडून राहू नये, एवढं कागद करतो.

या सगळ्या माणसांकडे एकत्र पाहिलं, की त्यांचा नकार नेमका कशाला होता ते कळतं. लिन बूने पुतण्याला शिकवलं. भिक्खूंनी पुण्य पूर्वजांच्या नावे केलं. चिन दुसऱ्याच्या मुलाचा बाबा झाला. त्यांनी लग्नाला नकार दिला, पण मागच्या-पुढच्या पिढ्यांविषयीचं देणं नाकारलं नाही. आपल्या पद्धतीने ते फेडलं. चिनी कुटुंब अविवाहित पुरुषाला लग्नाबद्दल विचारतं, तेव्हा त्या प्रश्नाच्या तळाशी दुसरा प्रश्न असतो: तू कुणाचा आहेस, आणि तुझ्या असण्याने कुणाचं पोट भरतं? लग्न हे त्याचं सर्वांत जुनं उत्तर. एकमेव उत्तर ते कधीच नव्हतं, आणि हे त्याच संस्कृतीच्या स्मृतीत हजार वर्षांपासून लिहून ठेवलेलं आहे.

हाँगकाँगच्या त्या घरात संध्याकाळ झाली आहे. संत्र्यांची रास खाली आली आहे. ४८ वर्षांच्या काकाच्या खिशात दिवसभरात मिळालेली पाकिटं आहेत. रिवाजाप्रमाणे त्याला कुणाला काही द्यावं लागत नाही. पण लग्न न झालेल्याने लहानांना हौसेने पाकीट दिलं, तर त्याला कुणी अडवत नाही. दुसऱ्या एका चुलतभावाची लहान मुलगी जायला निघते, तेव्हा तो कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढतो. त्यासाठी गेल्या आठवड्यात तोही बँकेच्या रांगेत उभा राहिलेला असतो. मुलगी ते दोन्ही हातांनी घेते आणि त्याला ‘काका’ म्हणते.